गाडी बाराची, मालक मुलुंडचा

मुलुंडच्या एका गृहस्थांनी दोन गोष्टी विचारल्या आहेत. त्यांनी पुण्याहून एक जुनी गाडी घेतली, तिचा नंबर एमएच-१२. सोसायटीतले जाणकार सांगताहेत की मुंबईत आणलीत तर वर्षभरात नंबर बदलून ०३ चा करून घ्या, नाहीतर दंड बसेल. हे खरे का? दुसरे म्हणजे, त्यांच्या शाळकरी मुलीला रस्त्यावरच्या गाड्या कुठल्या गावच्या हे ओळखायचा नाद लागलाय. यादी काढून दिली, पण पंधराच्या पुढे गाडी सरकत नाही. पाठ करायची काही युक्ती आहे का?

आरटीओच्या कागदपत्रांची कामे करण्यात माझी हयात गेली, त्यामुळे दोन्हीला सविस्तर उत्तर देतो. आधी नंबर बदलण्याचे सांगतो, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. नंबर बदलायचा नाही. एमएच-१२ ची गाडी मुलुंडला आणा, मालवणात न्या नाहीतर गडचिरोलीत चालवा, महाराष्ट्रात आहे तोवर ती बाराचीच. बदलतात त्या दोनच गोष्टी, आरसीवरचे, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरचे, मालकाचे नाव आणि पत्ता. जाणकारांचा गोंधळ झालाय तो दुसऱ्या राज्यातून आणलेल्या गाडीच्या नियमाशी. परराज्यातली गाडी इथे १२ महिन्यांहून जास्त ठेवली तर नवा नंबर घ्यावा लागतो. पुणे अजून परराज्य झालेले नाही, पुणेकर काहीही म्हणोत.

हा घोळ होतो, कारण लोक पाटीवरचा आकडा म्हणजे मालकाचे गाव समजतात. तो आकडा गावाचा नाही, जिल्ह्याचाही नाही. तो कार्यालयाचा आहे. गाडीची पहिली नोंद ज्या आरटीओच्या दफ्तरात झाली, त्या दफ्तराचा क्रमांक. आमच्याकडे म्हणूनच 'गाडी कुठली' असे कोणी विचारत नाही, 'पासिंग कुठलं' विचारतात. बारा पासिंग, झिरो फोर पासिंग, नऊ पासिंग. गाडी आज कुठे राहते हे पासिंगवरून कळत नाही. वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, तेव्हा कलम ४० मध्ये राज्यातल्या कोणत्याही नोंदणी कार्यालयात नोंद करता येईल अशी तरतूद आली. शोरूमवाले अजून पत्ता बघूनच कार्यालय धरतात, ही गोष्ट वेगळी. पण आकडा आणि मालकाचा उंबरठा यांची कायद्यातली गाठ सैल झाली ती झालीच.

आता पाठ करण्याचे. एक ते पन्नास अशी सरळ यादी कोणालाच पाठ होत नाही. मलाही झाली नसती. यादीमागे नकाशा आहे, तो समजला की अर्धे काम झाले.

मोटार वाहन कायदा १९८८ चा, लागू झाला १ जुलै १९८९ पासून. त्याआधी नंबराला तीन अक्षरे असत. मुंबई राज्य होते तेव्हा बीएमने सुरू होणारी, आणि १९६० नंतर महाराष्ट्राची एमने सुरू होणारी, एमआरएक्स, एमएमसी वगैरे. त्यावरून गाव ओळखायला जुना जाणता माणूसच लागे. नव्या पद्धतीत आधी राज्याची दोन अक्षरे, मग कार्यालयाचा दोन आकडी क्रमांक, मग सिरीजची अक्षरे आणि शेवटी चार आकडे. महाराष्ट्रात कार्यालयांना क्रमांक देताना चिठ्ठ्या टाकल्या नाहीत. महसुली विभागांप्रमाणे दिले. कोकण, पुणे, नाशिक, मराठवाडा, अमरावती, नागपूर, या क्रमाने. मुलीला यादी देऊ नका, महाराष्ट्राचा नकाशा द्या आणि बोट फिरवायला सांगा.

बोट मुंबईवर ठेवायचे. ०१, ०२, ०३ मुंबई. खाडी ओलांडली की ०४ ठाणे, पुढे ०५ कल्याण. मग दक्षिणेला वळायचे, ०६ रायगड, ०७ सिंधुदुर्ग, ०८ रत्नागिरी. इथे एक खड्डा आहे. वाटेत आधी रत्नागिरी लागते आणि मग सिंधुदुर्ग, आकडे मात्र उलटे आहेत. मुंबईतले निम्मे चाकरमानीही इथे चुकतात, आणि मालवणच्या माणसाला आठवाला म्हटलेले अजिबात खपत नाही. खालून घाट चढला की ०९ कोल्हापूर. तिथून महामार्गाने वर यायचे: १० सांगली, ११ सातारा, १२ पुणे. थोडे उजवीकडे १३ सोलापूर, परत येऊन १४ पिंपरी-चिंचवड. पुणे विभाग संपला. पुढे १५ नाशिक, १६ अहिल्यानगर, १७ श्रीरामपूर, १८ धुळे, १९ जळगाव. यात १६ आणि १७ एकाच जिल्ह्यातले आहेत, एवढे ध्यानात ठेवायचे.

मग मराठवाडा. २० छत्रपती संभाजीनगर, २१ जालना, २२ परभणी, २३ बीड, २४ लातूर, २५ धाराशिव, २६ नांदेड. विदर्भात आधी अमरावती विभाग: २७ अमरावती, २८ बुलढाणा, २९ यवतमाळ, ३० अकोला. इथे बोट नागमोडी फिरते, चारच आहेत म्हणून निभते. नंतर ३१ नागपूर, ३२ वर्धा, ३३ गडचिरोली, ३४ चंद्रपूर, ३५ गोंदिया, ३६ भंडारा. झाला महाराष्ट्र.

एका दमात छत्तीस पाठ करायचे नाहीत. प्रत्येक विभागाचा पहिला आकडा पक्का करायचा: ०१ मुंबई, ०९ कोल्हापूर, १५ नाशिक, २० संभाजीनगर, २७ अमरावती, ३१ नागपूर. पुढ्यात २४ ची गाडी आली की वीस आणि सत्तावीसच्या मध्ये, म्हणजे मराठवाडा, इतके तरी चटकन सांगता येते. गाव मग आपोआप बसत जाते.

छत्तीसच्या पुढे मात्र नकाशा संपतो आणि इतिहास सुरू होतो. हे आकडे गरज पडली तसे चिकटत गेले. १९९८ साली अकोल्यातून वाशीम आणि धुळ्यातून नंदुरबार निघाला, १९९९ साली परभणीतून हिंगोली. म्हणून ३७ वाशीम, ३८ हिंगोली, ३९ नंदुरबार. तिन्ही जिल्हे नवे, आकडेही शेवटचे. (गोंदिया जिल्हाही १९९९ चाच, पण तो ३५ वर बसलाय. प्रत्येक नियमाला एक गोंदिया असतोच.) चाळीसपासून नवे जिल्हे नाहीत, नवी कार्यालये आहेत. ४० नागपूर ग्रामीण, ४१ मालेगाव, ४२ बारामती, ४३ नवी मुंबई, ४४ अंबाजोगाई, ४५ अकलूज, ४६ पनवेल, ४७ बोरीवली, ४८ वसई, ४९ पूर्व नागपूर, ५० कराड. यातले मालेगाव नाशिक जिल्ह्यातले, अंबाजोगाई बीडमधले, अकलूज सोलापूरमधले, कराड साताऱ्यातले. जिल्ह्याचे ठिकाण नसलेल्या गावांना स्वतंत्र आकडा कसा मिळाला यावर चहाच्या टपरीवर रंगतदार चर्चा होते. बारामती, अकलूज, कराड ही नावे सलग वाचली की ज्याला समजायचे ते समजते. पण त्या भागांतली वाहनांची संख्या बघितली तर कार्यालयांची गरज होती, हेही खरेच. पन्नासच्या पुढेही भर पडतेच आहे, आपल्याकडच्या मीरा-भाईंदरच्या वाट्याला ५८ आला.

गावांची नावे बदलली तरी आकडे हलत नाहीत. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, उस्मानाबादचे धाराशिव, अहमदनगरचे अहिल्यानगर. २०, २५, १६ जिथल्या तिथे. जुन्या आरसीवर जुने नाव छापलेले असते आणि लोक विचारायला येतात की आता हे चालेल का. चालेल.

आकडा कार्यालयाचा म्हणालो, त्याचा चांगला दाखला ०६. रायगडचे जिल्हा मुख्यालय अलिबाग, पण परिवहन कार्यालय आहे पेणला. तसेच ०७ चे कार्यालय सावंतवाडी-मालवणात शोधू नका, ते ओरोसला सिंधुदुर्गनगरीत आहे. आणि ठाणे जिल्ह्यात ०४ एकटा नाही. भिवंडीची गाडी ०४, डोंबिवली-बदलापूरची ०५, वाशी-नेरूळची ४३. पालघर जिल्हा २०१४ साली वेगळा झाला, त्याआधीपासून जे चालत होते ते वसईचे ४८.

तुम्ही मुलुंडला राहता, म्हणून मुंबईचे थोडे खोलात सांगतो. ०१ म्हणजे ताडदेव, कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतचे शहर. ०२ अंधेरी, पश्चिम उपनगर. ०३ वडाळा. कार्यालय वडाळ्याला असले तरी मुलूख कुर्ल्यापासून तुमच्या मुलुंडपर्यंतचा. पश्चिम उपनगर वाढत वाढत दहिसरला टेकले, तेव्हा वरचा भाग काढून बोरीवलीला ४७ दिला. त्यामुळे कांदिवलीच्या एकाच बिल्डिंगमध्ये जुनी गाडी ०२ ची आणि नवी ४७ ची दिसते. मालक तोच, पार्किंगही तेच.

मुलुंड चेकनाक्यावर संध्याकाळी पाच मिनिटे उभे राहिलात तर ही सीमा डोळ्यांना दिसते. अलीकडे ०३ चे पीक, पलीकडे ०४ चे, आणि मधे ऐरोलीकडून आलेले ४३. ०४ वाला मधे घुसला की मुंबईकर 'ठाण्याचाच असणार' म्हणतो आणि ०३ वाला अडला की ठाणेकर तेच उलटे म्हणतो. यात दोघांपैकी कोणाची बाजू घेण्याइतका मी खुळा नाही.

मुंबईच्या पाटीत आणखी एक गंमत आहे. ०१ च्या प्रवासी रिक्षा दिसत नाहीत, कारण माहीम-सायनच्या दक्षिणेला रिक्षाला परवानाच नाही. रिक्षा बघाल ती ०२, ०३ किंवा ४७. टॅक्सीचा मान ०१ चा. काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनीतली शेवटची ताडदेवलाच नोंदली गेली, २९ ऑक्टोबर २००३ रोजी, नंबर एमएच-०१-जेए-२५५६. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती गाडी टॅक्सी म्हणून रस्त्यावर येणे कायद्याने थांबले. एका पाटीवर एखाद्या मॉडेलचा शेवट इतका नेमका सापडावा, असे क्वचितच होते.

ट्रकांकडेही बघायला शिकवा. ४३ आणि ४६ चे ट्रक-ट्रेलर मोजून दमाल, कारण वाशीचा मार्केट यार्ड आणि उरणचे जवाहरलाल नेहरू बंदर यांच्या मालाची वाहतूक तिथूनच चालते.

आता एसटी. मुंबई सेंट्रलच्या आगारात कणकवलीची गाडी लागलेली असते आणि पाटी असते एमएच-२० बीएल. पहिल्यांदा बघणारा म्हणतो, ही संभाजीनगरची गाडी इथे कशी? तसे नसते. एसटीच्या गाड्यांची बॉडी महामंडळाच्या मध्यवर्ती कार्यशाळांत बांधली जाते: पुण्याजवळ दापोडी, संभाजीनगरला चिकलठाणा, नागपूरला हिंगणा. गाडी जिथे बांधली तिथेच पासिंग. म्हणून लाल गाड्यांवर १४ बीटी, २० बीएल आणि ४० हे आकडे सारखे दिसतात आणि ती गाडी पुढे राज्यात कुठल्याही आगाराला जाते. गाडी कोणत्या आगाराची ते बाजूला रंगवलेल्या नावावरून बघायचे, कुठे जाणार ते बोर्डावरून. पाटीवरून गाव ओळखण्याच्या खेळात एसटी धरायची नाही, असा नियमच करून टाका, नाहीतर मुलगी रडकुंडीला येईल.

गणपतीत कोकणात जाणार असाल तर हाच खेळ उलटा खेळून बघा. महामार्ग सोडून गावच्या वाडीत शिरलात की पडवीसमोर उभ्या गाड्या ०७, ०८ च्या कमी आणि ०२, ०३, ०४, ४७, ४८ च्याच जास्त. गावात कोण कोण आलेय आणि कुठून, हे घाटीवरून खाली बघत आजोबा पाट्यांवरूनच सांगतात.

महाराष्ट्राबाहेरच्या पाट्या मुंबईत ढिगाने येतात. त्या सगळ्या शिकवायच्या फंदात पडू नका, ज्या रोज दिसतात त्या पुरेत. जीजे-१५ वलसाड, जीजे-०५ सुरत, जीजे-०१ अहमदाबाद. मराठी माणसाला केए-२२ बेळगाव सांगायला नको, जोडीला केए-२३ चिकोडी, त्यात निपाणी आली. एमपी-०९ इंदूर. अंधेरी-साकीनाक्याला यूपी-६२ दिसली तर जौनपूर, यूपी-६५ वाराणसी. काही राज्यांची अक्षरेच बदलली आहेत: ओडिशाचे ओआर जाऊन ओडी आले, उत्तराखंडचे यूए जाऊन यूके, आणि २०२४ पासून तेलंगणचे टीएस जाऊन टीजी. जुन्या गाड्या जुन्याच अक्षरांवर चालतात, त्यामुळे दोन्ही दिसतात.

दोन पाट्यांनी फसू नये. रात्री सायन-चेंबूरकडून सुटणाऱ्या स्लीपर बसवर एनएल-०१ असते, म्हणजे नागालँड. त्या बसने नागालँड स्वप्नातही बघितलेला नसतो. कर आणि परवान्याचा हिशेब स्वस्तात बसतो म्हणून मालक तिथे नोंद करतात. दुसरी डीडी-०३, दमणची, नाहीतर पीवाय-०१, पुदुच्चेरीची. ही बहुधा महागड्या गाडीवर दिसेल. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला किमतीप्रमाणे ११ ते १३ टक्के आणि डिझेलला १३ ते १५ टक्के एकरकमी कर आहे. कोटभराच्या गाडीवर ही रक्कम टोचते, मग दमणला एखादा पत्ता उभा राहतो. माझ्याकडे असा सल्ला मागायला आलेल्यांना मी चहा पाजून परत पाठवतो. १२ महिन्यांचा नियम त्यांच्यासाठीच आहे, आणि पकडले गेल्यावर कर, व्याज आणि दंड मिळून वाचवलेल्यापेक्षा जास्त जातो.

निळ्या पाटीवर पांढरी अक्षरे आणि मधे सीसी असेल तर ती परदेशी वकिलातीची गाडी. वांद्रे-कुर्ला संकुलात आणि दक्षिण मुंबईत दिसते. पहिला आकडा देशाचा असतो. कुलाब्याला लष्कराच्या गाड्यांवर सुरुवातीला वर टोक असलेला बाण असतो, त्यानंतरचे दोन आकडे वर्षाचे. त्यात गाव शोधायचे नाही. हिरवी पाटी म्हणजे विजेची गाडी, आणि पिवळ्यावर काळी अक्षरे म्हणजे भाड्याची, हे मुलीला बहुतेक माहीत असेलच.

चॉइस नंबरबद्दल कोणी विचारलेले नाही, तरी राहवत नाही. आय आणि ओ ही अक्षरे एक आणि शून्याशी गल्लत होईल म्हणून सिरीजमध्ये घेत नाहीत. उरली चोवीस. एका अक्षराच्या चोवीस सिरीज आणि दोन अक्षरांच्या ५७६, प्रत्येकीत ९९९९ नंबर. म्हणजे एका कार्यालयाच्या वाट्याला साधारण ६० लाख नंबर येतात. एवढ्यांतून माणसे भांडतात ती पाच-पन्नास नंबरांसाठी. मुंबई-पुण्यात चारचाकीला ०००१ हवा असेल तर २०२४ च्या दरवाढीनंतर ६ लाख रुपये मोजावे लागतात, आधी ४ लाख होते. चालू सिरीज सोडून दुसऱ्या सिरीजमधून हवा असेल तर १८ लाख. बाकी गर्दी बेरीज नऊ येणाऱ्या नंबरांना. आणि मग आपले कलावंत: ४१४१ चा 'दादा', २१४ चा 'राम', ८०५५ चा 'बॉस'. नियमाने पाटीवर अक्षरे इंग्रजी, आकडे साधे आणि ठरलेल्या मापाचे हवेत, वळण देऊन 'दादा' करणे हा गुन्हा आहे. पण रंगाऱ्याने ब्रशने ओढलेला तो चार आणि त्याच्या उभ्या रेघेवरची हलकीशी शिरोरेघ, ही एक कारागिरी होती हे मान्य करायला हवे.

हाय सिक्युरिटी पाटीने ती संपवली. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना ती कंपनीतूनच येते, त्याआधीच्या गाड्यांनाही आता सक्तीची आहे. तुमची बारावाली त्याआधीची असेल तर पाटी बसवलेली आहे का ते बघा, आणि असेल तर जवळ जाऊन नीट बघा. डाव्या कोपऱ्यात वर अशोकचक्राचा चकाकणारा होलोग्राम, दोन सेंटिमीटर बाय दोन. त्याच्या खाली निळ्यात आयएनडी. खालच्या डाव्या बाजूला लेझरने कोरलेला दहा आकडी क्रमांक, बोट फिरवले तर जेमतेम लागतो. नंबराच्या काळ्या अक्षरांवर तिरक्या ओळीत बारीक इंडिया छापलेले. पाटी स्क्रूने लावलेली नसते, एकदाच बसणाऱ्या लॉकने बसवतात, काढायची तर तोडूनच. बाजारात नुसता होलोग्राम चिकटवून मिळणाऱ्या नकली पाट्याही आहेत. कोरलेला क्रमांक नसेल तर ती पाटी खोटी समजा.

तुमच्या कामाचा क्रम आता सांगतो. नाव आणि पत्ता तुमच्या नावे करायचा तर काम वडाळ्याकडे, अर्ज परिवहनच्या संकेतस्थळावर. मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, पत्त्याचा पुरावा, चालू विमा, पीयूसी. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, म्हणजे आमच्या भाषेत एचपी (आरसीवरचा कर्जाचा बोजा) उतरवणे. विकणाऱ्याने राज्यांतर्गत व्यवहार १४ दिवसांत कळवायचा, घेणाऱ्याने ३० दिवसांत. तारीख उलटू देऊ नका. गाडी परराज्यातली असती तर त्या राज्याच्या कार्यालयाची फॉर्म २८ वरची एनओसी, इथे पुन्हा कर, फॉर्म २७ वर नव्या नंबराचा अर्ज आणि तिकडे भरलेल्या कराच्या परताव्याचा पाठपुरावा, एवढे सगळे लागले असते.

सारखी बदली होणाऱ्या नोकरदारांनी बीएच (भारत) सिरीज घ्यावी. २०२१ च्या सप्टेंबरपासून सुरू आहे. पाटीवर आधी वर्षाचे दोन आकडे, मग बीएच, मग नंबर. कार्यालयाचा क्रमांकच नाही, त्यामुळे गाव ओळखण्याचा प्रश्नही नाही. लष्करी आणि सरकारी कर्मचाऱ्यांना मिळते, आणि चार किंवा जास्त राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांतल्यांनाही. कर दोन-दोन वर्षांचा भरायचा. आयुष्यभर मुलुंड न सोडणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये, दर दोन वर्षांनी आठवण ठेवण्याचा ताप नुसता.

पैसे देण्याआधी मात्र एक काम हाताने करा. बॉनेट उघडा आणि चासी नंबर शोधा. गंजला असेल तर पुसून घ्या, त्यावर पातळ कागद धरा आणि शिसपेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासा. सतरा अक्षरे कागदावर उमटतात. ती आरसीवरच्या सतरा अक्षरांशी एकेक करून पडताळा. एखादे अक्षर जास्त खोल, एखादे तिरके, किंवा आसपासचा पत्रा घासलेला दिसला तर गाडी कितीही स्वस्त असो, हात जोडून निघा.

नंबर बदलत नाही याची दुसरी बाजूही बघून ठेवा. पाटी तीच राहते, म्हणून तिच्या नावावरची ई-चलनेही तुमच्याकडे येतात. पुण्यातल्या सिग्नलचा दंड मुलुंडच्या मालकाला भरावा लागतो. सौदा पक्का करण्याआधी गाडीचा नंबर टाकून थकलेली चलने बघा आणि ती विकणाऱ्याकडून भरून घ्या. त्याचा फास्टॅगही त्याच दिवशी बंद करायला लावा. एका गाडीला एकच फास्टॅग चालतो, जुना चालू असेल तर नवा निघत नाही, आणि मग पुण्याला जाताना टोलनाक्यावर गाडी अडकून राहते.